इंजिनाचे लाड

आमच्या विमानाचा एक सिलिंडर गडचिरोलीच्या जंगलावर असताना फुटला. ते चालवणारे कॅप्टन भाऊ ही गोष्ट आता एखाद्या फसलेल्या वरातीसारखी हसून हसून सांगतात. त्या दिवशी मी मात्र खाली, चंद्रपूरबाहेरच्या आमच्या छोट्या धावपट्टीवर, हातात पान्हा घेऊन उभी होते आणि मला हसू वगैरे अजिबात येत नव्हतं. विमान दिसायच्या आधी त्याचा आवाज आला. धड इंजिन एका सुरात घुमतं. हे खोकत, अडखळत, दम खात येत होतं. चारपैकी एक सिलिंडर गेलाय, हे मला आवाजावरूनच कळलं.

भाऊंनी विमान अलगद टेकवलं, हँगरच्या दारापर्यंत आणलं आणि इंजिन बंद करून खाली उतरले. आधी ते पुढे गेले आणि इंजिनावरच्या गरम झाकणावर त्यांनी दोन्ही हात ठेवले.

"आनलं माय हिनं मले," ते म्हणाले. "खाली नुसतं जंगल. टेकाले वावरभर जागा नाई. तीन पायावर चालत आनलं."

त्या घडीपासून ते विमान त्यांच्यासाठी विमान राहिलं नाही. पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

भाऊ मूळचे पोंभुर्ण्याकडचे. उभी हयात दूरदूरच्या शहरांत विमानं उडवून म्हातारपणी गावाकडे परतले आणि आमच्या फ्लाइंग क्लबात पोरापोरींना उडायला शिकवू लागले. रेडिओवर त्यांचं इंग्रजी असं कडक की ऐकणारा ताठ उभा राहावा, आणि रेडिओ बंद झाला की तेच तोंड झाडीपट्टीतल्या बोलीत सुटायचं. मी या विमानाची इंजिनिअर. मूल गावची. आधी हैदराबादच्या एका मोठ्या हँगरात होते. तिथे इतकी माणसं की माझ्या वाट्याला कधी एक चाक यायचं, कधी एक दार. इथे विमान एकच, चार माणसं बसतील एवढं, पण चाकापासून पंख्यापर्यंत सगळं माझं. संध्याकाळी पाचच्या पुढे मिळेल ती एसटी पकडायची आणि मूलला आईच्या हातचं जेवायला घरी. लोक विचारायचे, एवढं शिकून परत इथे काऊन आली? मला खरंच याहून जास्त काही नको होतं. सुखी माणसाला हे पटवून देता येत नाही, म्हणून मी नुसती हसायचे.

फुटका सिलिंडर निमित्त झाला, आणि इंजिनाचे ठरलेले उडायचे तासही भरत आले होते, म्हणून अख्खं इंजिनच ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण खोलून नव्यानं बांधायला गेलं. काही महिन्यांनी ते लाकडी खोक्यात बसून परत आलं. चारही सिलिंडर नवे. मी झाकण उघडलं आणि नव्या रंगाचा, ग्रीसचा वास आला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी आधी खोक्याभोवती एक चक्कर मारली आणि मग कामाला लागले. साखळीच्या कप्पीनं इंजिन उचलून विमानाच्या नाकाशी नेताना भाऊ शेजारून चालत होते. "हळू माय, हळू. लागन तिले."

इंजिन बसलं, नळ्या जोडल्या, पंखा चढला, आणि मी भाऊंना समोर बसवून बजावलं. नव्या सिलिंडरचं सगळं उलटं असतं. आत दट्ट्या खालीवर होतो, त्याच्याभोवती रिंगा असतात. नवी रिंग आणि सिलिंडरची नवी भिंत पहिल्या काही तासांत एकमेकींवर घासून जुळतात. त्यासाठी भिंत मुद्दाम बारीक खरबरीत ठेवलेली असते. त्या काळात इंजिन दाबून चालवायचं, जोर कमी करायचा नाही, जमिनीवर फुकट घुरघुरत ठेवायचं नाही. लाड केले की रिंगा जुळतच नाहीत.

"कळलं?" मी विचारलं.

"हो माय," भाऊ म्हणाले.

त्यांना कळलं होतं. पटलं नव्हतं. आणि त्यांचं एकट्याचंच कशाला म्हणू? आमच्या भागात नवा बैल पहिल्याच हंगामात भरल्या गाडीला कोणी जुंपत नाही. नवा ट्रॅक्टर आधी रिकामा फिरवतात. नव्या मोटरसायकलवर तर सहा महिने दुसरं माणूस बसू देत नाहीत; "रनिंगमधी हाय" असं सांगितलं की पाव्हणाही मुकाट्यानं पायी जातो. इंजिन दाबून चालवा म्हणणारी मी एकटी, आणि चहाच्या टपरीपासून माझ्या आईपर्यंत सगळा जिल्हा भाऊंच्या बाजूनं. आई म्हणाली, "आताच दवाखान्यातून आली न ते? मंग जोर काऊन लावून राह्यली तू तिच्यावर?" मी कपाळाला हात लावला.

भाऊंनी विमान तळहातावरच्या फोडासारखं जपलं. धावपट्टीवरच्या नीलगाई हाकलायला मोटरसायकल जायची, तोवर ते इंजिन मंद चालू ठेवून बसायचे, 'अंग गरम होऊ दे' म्हणून. उडाले की पंखा कसाबसा फिरतोय असं वाटावं इतका जोर कमी. चढण अशी की बगळे पुढे निघून जातील. उतरले की आपल्या दुपट्ट्यानं झाकण पुसायचे. मी खालून आवाज ऐकायचे आणि चरफडायचे. खाली आल्यावर भांडायचे. ते गोड हसायचे, "उद्या दाबतो न माय," म्हणायचे, आणि उद्या पुन्हा तेच. एका म्हाताऱ्या माणसावर रोज किती ओरडायचं? शिवाय मला ते आवडायचे, ही मोठीच अडचण होती.

व्हायचं तेच झालं. विमानाच्या पोटावर तेलाचे काळे ओघळ दिसू लागले. तेल मोजायची पट्टी काढावी तर प्रत्येक वेळी पातळी खाली. खालच्या बाजूचे प्लग तेलानं ओले. सुरू करताना निळा धूर. नवंकोरं इंजिन आणि बाटलीमागून बाटली तेल पीत होतं.

क्लबचे अध्यक्ष मूलचे. त्यांची राइस मिल आहे. स्वभावानं मोकळे, पण डोक्यात चोवीस तास धान. धूर त्यांनी स्वतः पाहिला. मग विमानाकडे पाहिलं, मग मान वर करून हँगरच्या उंच छताकडे पाहिलं, आणि मी काय ते समजले.

"बेटा, मी सरळ बोलतो," ते म्हणाले. "धान कापाले आला. पोते ठेवाले मले जागा नाई आन् हे एवढं मोठं घर एका बिमार इमानासाठी अडून हाय. पोट्टे शिकाले येऊन वापस जाऊन राह्यले. धान घरी येतवरी हे धड झालं तं झालं. नाई तं इमान नागपूरच्या क्लबवाल्यायले देऊन टाकू. ते मांगूनच राह्यले."

"आणि मी?"

"तुले कुठीबी नोकरी भेटते, बेटा. तू हुशार हाय."

माझं तोंडचं पाणी पळालं. नोकरी कुठेही मिळाली असती हे खरं, पण मला कुठेही नको होती. मला इथेच हवी होती. बस सुटली की दोन्ही बाजूंनी जंगल, मग अचानक मोकळी धानाची बांधी, मग मूलचा फाटा, मग आई. विमानाच्या पोटावरच्या त्या तेलानं हे सगळं जाणार होतं. आईला मी घरी आल्यावर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी मी इंजिनाचं झाकण काढलं आणि प्लगच्या भोकातून कॅमेऱ्याची बारीक नळी आत घातली. दोन सिलिंडर ठीक होते. रिंगा नशिबानं जुळल्या होत्या. उरलेल्या दोघांची भिंत छोट्या पडद्यावर लखलखत होती. भाऊ माझ्या खांद्यावरून पाहत होते.

"पाह्य, पाह्य!" ते हरखून म्हणाले. "कसं चमकून राह्यलं! एक ओरखडा नाई. मी म्हनत होतो न, जपलं म्हनून."

मी पान्हा खाली ठेवला. मला रडावं की हसावं कळेना, म्हणून मी हसले, आणि एकदा हसू सुटलं ते आवरेना. ते गोंधळून माझ्याकडे पाहत राहिले.

"भाऊ, तुमच्या घरी दळायचं जातं होतं?"

"होतं न. अजूनबी हाय."

"गुळगुळीत झालं की काय करायचात?"

"छन्नी-हातोडीनं टाकी लावून घेवो. टाकीवाली येये गल्लीत. टाकी नाई लावली तं डाळ फुटत नाई, दाना नुसता घसरते..." आणि ते थांबले. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अरे बाप्पा."

"तुमच्या लाडानं तेल भिंतीवर करपलं आणि त्याचा पापुद्रा धरला. रिंग त्यावरून नुसती घसरते. तेल वर जातं आणि जळतं. टाकीच गेली सगळी."

ते बाजूच्या स्टुलावर बसले. दुपट्टा मांडीवर घेऊन उगाच घड्या घालू लागले. "मी तं तिच्या भल्यासाठीच करत होतो, माय. जिनं आपल्याले मरनातून आनलं, तिले कसं रपाटू मी?"

माझा सगळा राग तिथेच उतरला. इतके दिवस मी त्यांना हट्टी समजत होते. ते उपकार फेडत होते.

दोन्ही सिलिंडर आम्ही दोघांनी मिळून उतरवले. धुराड्याचे पाइप सुटे केले, बुडाचे नट सोडले, आणि मी सिलिंडर सावकाश बाहेर ओढत असताना आतला दांडा आपटू नये म्हणून भाऊ तो दोन्ही हातांनी धरून होते. या वेळी 'हळू' म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता आणि त्यांनी तो भरपूर वापरला. मग सिलिंडर गोणपाटात गुंडाळून मी नागपूरच्या वर्कशॉपला निघाले, एसटीनंच. एक पायाशी, एक मांडीवर. शेजारी टोपलीत कोंबडा घेऊन बसलेली बाई बराच वेळ पाहत राहिली आणि शेवटी तिनं विचारलंच.

"काय होय वं हे?"

"विमानाचा तुकडा आहे, मावशी."

"बाकीचं इमान कुठी हाय?"

"चंद्रपूरले."

तिनं समजून मान हलवली. "इलाजाले नेऊन राह्यली," ती म्हणाली, आणि वरोऱ्याला उतरेपर्यंत तिनं कोंबड्याची टोपली माझ्या गोणपाटाला लागू दिली नाही.

वर्कशॉपमध्ये भिंतींवर पुन्हा बारीक, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा काढल्या गेल्या. नव्या रिंगा घेऊन मी परतले. सगळं परत बसवलं, प्रत्येक नट मापात आवळला. तोवर शेतांत विळे लागले होते. अध्यक्ष रोज फोन करायचे. आवाजात काळजी असायची, पण कोणाची, विमानाची की धानाची, ते मी विचारलं नाही.

पहिल्या उड्डाणाला मी म्हटलं, मी बरोबर येणार. भाऊंच्या शेजारी बसले. मोटरसायकल नीलगाई हाकलून परत आली, आणि या वेळी आम्ही घुरघुरत बसलो नाही. भाऊंनी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायची मूठ आत ढकलली. विमान सुटलं ते असं की पाठ सीटला चिकटली. चंद्रपूरच्या धुराड्यांना मागे टाकून आम्ही पूर्वेला वळलो. फार उंच जायचं नव्हतं. हवा दाट असली की इंजिनाला पूर्ण जोर मिळतो.

पंधराएक मिनिटं बरी गेली. मग आवाज किंचित उतरला. मी पाहिलं तर भाऊंचा हात मूठ हळूच बाहेर ओढत होता.

"भाऊ."

"थोडंसंच, माय. गरम होऊन राह्यली ते."

तापमानाचा काटा खरंच चढत होता. घासणाऱ्या रिंगा तापतातच. हद्दीच्या आत होता, पण चढत होता, आणि खाली मूलच्या पुढचं जंगल सुरू झालं होतं. मलाही भीती वाटली, खोटं कशाला सांगू? मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि मूठ पुन्हा पूर्ण आत दाबली. तशीच धरून ठेवली.

"इथीच फुटलं होतं," ते म्हणाले. "याच्याच थोडं समोर."

"माहीत आहे मला. पण ती आता आजारी नाही, भाऊ. तिला धावू द्या."

वैनगंगा आली. पात्रात अजून बरंच पाणी, मधे वाळूचे पट्टे, एक डोंगा. पलीकडे गडचिरोलीची कौलं आणि पत्रे. आम्ही भर जोरात तसेच वळलो, नदीवरून परत निघालो, आणि तेव्हाच ते झालं. काटा थांबला. क्षणभर तिथेच राहिला आणि मग सरळ खाली उतरू लागला. जोर तोच, वेग तोच, आणि इंजिन आपोआप थंड होत चाललं. आवाजही बदलला, इतका वेळ जी बारीक कुरकुर होती ती मिटली आणि एकसंध, भरदार सूर लागला.

"काय झालं?" भाऊ ओरडले.

"जुळल्या! रिंगा जुळल्या, भाऊ!"

मी आनंदानं सीटवर उड्याच मारत होते. भाऊंनी माझा हात आपल्या हातावरून काढला, मूठ स्वतः आत दाबून धरली आणि मोठ्यानं, अगदी बैलांना घालतात तशी आरोळी घातली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. खाली पिवळी झालेली शेतं पळत होती, विळे हातात धरून माणसं वर पाहत होती. मूलवरून जाताना त्यांनी विमान इतकं ताणलं की मलाच म्हणावंसं वाटलं, भाऊ, जरा जपून.

उतरलो तेव्हा अध्यक्ष हँगरच्या सावलीत उभे होते. भाऊ विमानाखाली जवळजवळ आडवे झाले आणि आपल्या पांढऱ्या दुपट्ट्यानं त्याचं पोट पुसलं. दुपट्ट्यावर धूळ आली, एक चिलट आलं. तेल आलं नाही. मी पट्टी काढली. पातळी जिथे सोडली होती तिथेच. तरी अध्यक्षांचा विश्वास बसेना. मग आठवडाभर आम्ही रोज उडालो, रोज पट्टी पाहिली, आणि रोज ते स्वतः येऊन दुपट्टा मागायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी दुपट्टा उलटसुलट करून पाहिला आणि सुस्कारा टाकला.

"धान कुठी ठेवू मंग आता?" ते म्हणाले.

"ते तुम्ही पाहा, साहेब," मी म्हटलं.

"पाहाच लागन." मग हळूच, "उद्या माह्या मिलवरून एक चक्कर मारजा. लोकायले आवाज तं आयकू दे." आणि कॅप्टन भाऊंकडे वळून, "नागपूरवाल्यायले फोन करून देतो, इमान नाई भेटत म्हनून."

त्या संध्याकाळी बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. कापलेल्या धानाचा वास सगळ्या रस्त्याला होता. घरी पोचले तर आई नुकतीच शेतावरून आली होती, केसांत काड्या, हात खरचटलेले. अध्यक्षांनी मला काय बजावलंय हे कळल्यापासून तिनं त्या विषयाचा शब्द काढला नव्हता, एकदाही नाही.

"दररोज लय जोरात जाऊन राह्यलं तुमचं इमान," ती पाय धुताना म्हणाली. "बाया म्हनत, तुही पोरगी असन त्याच्यात."

"आहेच ना."

तिनं तांब्या खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं, आणि तिचा आवाज मी लहानपणापासून ऐकला नव्हता इतका बारीक झाला.

"म्हंजे तू जात नाई न कुठी?"

"नाही जात, आई."

ती तशीच ओल्या पायांनी माझ्याजवळ आली, माझं ग्रीसनं काळं झालेलं बोट धरून बसली, आणि चूल पेटवायची आहे हे आम्हा दोघींनाही बराच वेळ आठवलं नाही.